छायाचित्रातील हास्य : पुरावा किती, आभास किती?

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. एक सद्गृहस्थ आपल्या चोवीस वर्षांच्या कन्येला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलीचा विवाह ठरला होता आणि मुहूर्ताला जेमतेम दोन महिने उरले होते. खुर्चीवर बसण्यापूर्वीच तिने आपला मोबाइल माझ्यासमोर धरला. "डॉक्टर, हे बघा. समोरचे दोन दात किती मोठे दिसतात! साखरपुड्याचे फोटो पाहिल्यापासून मला दुसरं काही सुचतच नाही." वडिलांनी पुस्ती जोडली, "खर्चाची काळजी करू नका. वरच्या आठही दातांना व्हिनियर लावून टाका. फोटोत दात नीट दिसले पाहिजेत, एवढंच आमचं म्हणणं."

व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा. तो बसविण्यासाठी बहुतेक वेळा दाताचे इनॅमल सुमारे ०.३ ते ०.७ मिलिमीटर घासावे लागते. हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु हिरडीजवळ पटाशीच्या दाताचे इनॅमल मुळात अर्धा मिलिमीटरच्या आसपासच असते आणि एकदा घासलेले इनॅमल शरीर पुन्हा तयार करीत नाही. हाड जुळते, त्वचा भरून येते, इनॅमल मात्र परत येत नाही. शिवाय व्हिनियर आयुष्यभर टिकत नाही. चोविसाव्या वर्षी बसविले तर पुढे ते बदलण्याची वेळ येणारच. म्हणजे त्या एका छायाचित्राच्या पुराव्यावर आठ निरोगी दातांचा कायमचा निकाल लागणार होता.

मी मोबाइल बाजूला ठेवला आणि प्रथम दात पाहिले. मधल्या दाताची रुंदी ८.६ मिलिमीटर, उंची १०.८ मिलिमीटर, म्हणजे रुंदी उंचीच्या सुमारे ८० टक्के. पाठ्यपुस्तकात आदर्श म्हणून सांगितले जाणारे प्रमाण ७५ ते ८० टक्के असते. दात मोठे नव्हतेच! मग छायाचित्र खोटे बोलत होते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे अभ्यासले आणि जे अनुभवले, ते आपल्या स्मरणिकेच्या वाचकांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. वैद्यकीय व्यवसायातील मित्रांना यातील काही भाग परिचित असेल. पण दंतवैद्यकाशी संबंध नसलेल्या वाचकांनाही तो उपयोगी पडावा, म्हणून शक्य तेथे सोपी भाषा वापरली आहे.

मिटलेल्या ओठांचे दिवस

आपल्या इंदूरचे आणि छायाचित्रणाचे नाते जुने आहे. ज्यांना पुढे राजा दीनदयाळ म्हणून कीर्ती लाभली, ते १८६६ साली येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास येथेच त्यांनी हाती कॅमेरा धरला. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचा त्यांना आश्रय होता. पुढे ते हैदराबादला निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळातील सरदार-मानकऱ्यांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. पगडीचा प्रत्येक पीळ दिसतो, अंगरख्याची जर दिसते. दात मात्र क्वचितच दिसतात. कॅमेऱ्यापुढे बराच वेळ निश्चल बसावे लागे, हे त्याचे एक कारण. आणि चारचौघांत दात दाखविणे शिष्टसंमत नव्हते, हे दुसरे. आपल्या घरोघरी भिंतीवर असलेल्या पणजोबा-पणजींच्या तसबिरींतही ओठ मिटलेलेच आढळतील.

याचा अर्थ असा, की माणसाच्या दातांचे सौंदर्य त्याच्या छायाचित्रावरून ठरविण्याची प्रथा फार जुनी नाही. पूर्वी दात दिसत ते बोलताना, हसताना, जेवताना. म्हणजे हलत्या चेहऱ्यात आणि समोरासमोर. आज तेच दात प्रथम मोबाइलच्या पडद्यावर दिसतात. स्थळाचा फोटो पाहून मत बनते, रुग्ण फोटो घेऊनच दवाखान्यात येतो, आम्ही दंतवैद्यही उपचारांची आखणी फोटोवर करतो आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ रुग्णाला न पाहता केवळ फोटोवरून दाताचा रंग जुळवितो. 'हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे' ही म्हण आपण वापरतो. आता त्यात तिसरी जोडी आली आहे : फोटोतले दात.

अंतराचा परिणाम

छायाचित्रातील विकृतीचा दोष सामान्यतः लेन्सवर ढकलला जातो. वस्तुतः मुख्य कारण लेन्स नसून कॅमेरा आणि चेहरा यांमधील अंतर हे आहे. जी वस्तू कॅमेऱ्याजवळ ती मोठी दिसते आणि दूरची लहान. अंतर जितके कमी, तितका हा भेद तीव्र.

एक साधे गणित करून पाहू. पटाशीच्या मधल्या दातांच्या मागे साधारण १ सेंटिमीटरवर सुळा आणि ३ सेंटिमीटरवर पहिली मोठी दाढ आहे असे धरू. मोबाइल दातांपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर सुळा प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३ टक्के आणि दाढ सुमारे ९ टक्के लहान दिसेल. तोच कॅमेरा दीड मीटर दूर नेला, तर दाढेच्या बाबतीत हा फरक २ टक्क्यांवर येतो आणि सुळ्याच्या बाबतीत १ टक्क्याच्याही खाली जातो. म्हणजे हातभर अंतरावरून स्वतःच स्वतःचा फोटो काढला, की मधले दोन दात पुढे सरसावतात आणि बाजूचे दात आक्रसतात. दात तेच, माणूस तोच. बदलते ते केवळ अंतर.

चेहऱ्याच्या बाबतीत हाच परिणाम २०१८ साली एका अमेरिकन अभ्यासगटाने गणिती प्रतिमानाने मांडला. १२ इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात चेहऱ्याच्या रुंदीच्या तुलनेत नाकाचा पाया पुरुषांमध्ये सुमारे ३० टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे २९ टक्के अधिक रुंद दिसतो. ५ फुटांवरून हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. नाकाची शस्त्रक्रिया मागणारे रुग्ण स्वतः काढलेले फोटो घेऊन येऊ लागले, म्हणून त्या शल्यविशारदांना हे गणित मांडावे लागले. आमच्या खुर्चीवर बसणारे रुग्ण त्याच वाटेने येत आहेत.

यात आणखी एक गंमत आहे. आपण स्वतःला आयुष्यभर पाहतो ते आरशात, म्हणजे डावे-उजवे उलटलेले. १९७७ साली मीटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी व्यक्तींना स्वतःच्या दोन प्रतिमा दाखविल्या : एक सरळ आणि दुसरी आरशासारखी उलटी. बहुतेकांना स्वतःची उलटी प्रतिमा अधिक आवडली, तर त्यांच्या मित्रांना सरळ. ज्याची डोळ्यांना सवय, ते गोड वाटते. म्हणून फोटोत आपला एखादा दात 'अचानक' वाकडा वाटू लागला, तर तो अचानक वाकडा झालेला नसतो. तो फक्त नेहमीच्या बाजूला दिसलेला नसतो.

कोनाचा परिणाम

अंतरानंतर येतो कोन. वरच्या दातांच्या कडांची रेषा हसताना खालच्या ओठाच्या वळणाला समांतर जावी, हे सुंदर हास्याचे एक लक्षण मानले जाते. ही वक्ररेषा कॅमेऱ्याच्या उंचीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. दातांची कमान समोरून मागे वळलेली असल्यामुळे कॅमेरा दातांच्या पातळीच्या वर धरला, तर मधले दात खाली उतरलेले दिसतात आणि वक्रता वाढते. कॅमेरा खाली धरला, तर मधले दात वर चढतात. रेषा सपाट किंवा उलटीही दिसू शकते. म्हणजे ज्याला आम्ही उपचारयोग्य दोष म्हणू, तो कधी कधी फोटो काढणाऱ्याच्या मनगटात असतो.

दाताची उंचीही अशीच फसवी. १०.५ मिलिमीटर उंचीच्या दाताकडे ३० अंश तिरक्या दिशेने पाहिले, तर तो जेमतेम ९ मिलिमीटरचा भासतो. रुंदी मात्र तेवढीच राहते. साहजिकच दात आखूड आणि चौकोनी वाटतो.

येथे 'सुवर्ण गुणोत्तरा'विषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. समोरून पाहताना बाजूच्या दाताची दृश्य रुंदी मधल्या दाताच्या सुमारे ६२ टक्के असावी, असा संकेत १९७० च्या दशकात लोम्बार्डी आणि लेव्हिन यांच्या लेखनानंतर दंतशास्त्रात रूढ झाला. पुढे १९९३ मध्ये प्रेस्टन यांनी प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा हे गुणोत्तर अवघ्या १७ टक्के व्यक्तींमध्ये आढळले. म्हणजे निसर्गानेच हा नियम फारसा पाळलेला नाही. त्यातही 'दृश्य रुंदी' ही पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून. मान किंचित डावीकडे वळली, की एका बाजूचा दात अरुंद होतो आणि दुसऱ्या बाजूचा रुंदावतो. अशा फोटोवर संगणकाने आखलेल्या सोनेरी रेषा पाहून दात घासण्याचा निर्णय घेणे कितपत योग्य, याचा विचार सुज्ञांनी करावा.

प्रकाश आणि रंग

रंगाच्या बाबतीत तर छायाचित्रावर अधिकच सावधपणे विसंबावे लागते. दिवसाच्या प्रकाशाचे प्रमाणित तापमान ६५०० केल्व्हिन धरतात. घरातील पिवळ्या दिव्याचे २७०० ते ३००० च्या दरम्यान असते. मोबाइल हा फरक स्वतःच्या बुद्धीने 'दुरुस्त' करतो. ही दुरुस्ती करताना ओठांची लाली, साडीचा रंग, मागची भिंत या सर्वांचा प्रभाव दातांच्या रंगावर पडतो. शिवाय अनेक मोबाइल न विचारता त्वचा उजळवितात आणि तिच्याबरोबर दातही.

दाताच्या रंगातील फरक मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत १९७६ पासून प्रचलित आहे. या मापनपद्धतीनुसार सुमारे १.२ एककांचा फरक निम्म्या निरीक्षकांच्या लक्षात येतो आणि २.७ एककांच्या पुढचा फरक निम्म्या निरीक्षकांना अस्वीकार्य वाटतो, असे २०१५ मधील एका बहुकेंद्री अभ्यासातून दिसून आले. ही मर्यादा इतकी सूक्ष्म आहे, की खिडकीजवळ काढलेला आणि दिव्याखाली काढलेला फोटो यांतील तफावत ती सहज ओलांडते.

आणखी एक सापळा खास आमच्या व्यवसायातला. ओठ बाजूला धरून तोंड काही मिनिटे उघडे ठेवले, की दात कोरडे पडतात आणि कोरडा दात अधिक पांढरा दिसतो. पूर्ववत होण्यास त्याला अर्ध्या तासाहूनही अधिक वेळ लागू शकतो. म्हणून उपचार आटोपल्यावर घाईघाईने काढलेल्या फोटोवरून कॅपचा रंग ठरविला, तर कॅप शेजारच्या दातांपेक्षा उजळ येते. प्रारंभीच्या वर्षांत ही चूक मी केली आहे आणि एक कॅप पुन्हा करून देण्याचा भुर्दंड सोसला आहे. रंग प्रथम पाहावा, ओल्या दातावर पाहावा आणि फोटो काढताना शेड गाइडची पट्टी दाताला लागून, त्याच पातळीत धरावी. म्हणजे फोटोतील निरपेक्ष रंग चुकला, तरी दात आणि पट्टी यांच्यातील तुलना बरीचशी खरी राहते.

संशोधन काय सांगते?

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग छायाचित्र निरुपयोगीच! तसे मुळीच नाही. दंतसौंदर्याचे मापन करणाऱ्या अनेक प्रमाणित पद्धती छायाचित्रांच्याच पायावर उभ्या आहेत. ब्रिटनमध्ये दंतव्यंगोपचाराची गरज ठरविण्यासाठी १९८९ साली ब्रूक आणि शॉ यांनी जो निर्देशांक मांडला, त्याच्या सौंदर्यविषयक भागात दहा छायाचित्रांची चढती श्रेणी आहे; रुग्णाचे दात त्यांपैकी कोणत्या छायाचित्राइतके आकर्षक अथवा अनाकर्षक दिसतात, ते पाहून श्रेणी देतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९८६ साली तयार झालेला दंतसौंदर्य निर्देशांकही छायाचित्रांना लोकांनी दिलेल्या गुणांवर आधारलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ च्या आपल्या सर्वेक्षण-पुस्तिकेत त्याचा समावेश केला. तत्पूर्वी १९८५ मध्ये हॉवेल्स आणि शॉ यांनी दंत व मुखसौंदर्याच्या मूल्यमापनासाठी छायाचित्रांची कसोटी घेतली आणि मोठ्या पाहण्यांसाठी ही पद्धत ग्राह्य ठरविली.

परंतु 'मोठ्या पाहण्यांसाठी' हे शब्द महत्त्वाचे. हजार मुलांच्या सरासरीत एखाद्याची चूक दुसऱ्याच्या चुकीने भरून निघते. खुर्चीवर बसलेल्या एका मुलाची चूक भरून निघत नाही. समोरून काढलेल्या फोटोत वरचे दात खालच्या दातांच्या किती पुढे आहेत, हे नीट कळत नाही. तीन मिलिमीटर पुढे असलेले आणि नऊ मिलिमीटर पुढे असलेले दात समोरून सारखेच शोभिवंत दिसू शकतात. प्रत्यक्षात नऊ मिलिमीटर पुढे आलेल्या दातांना खेळताना-पडताना इजा होण्याचा धोका कितीतरी अधिक असतो. म्हणजे समोरचा फोटो सुंदर आणि दात धोक्यात, असेही घडू शकते.

पाहणाऱ्याची नजर हाही एक घटक आहेच. १९९९ साली कोकिच, कियाक आणि शापिरो यांनी हास्याच्या छायाचित्रांत संगणकाद्वारे मोजून-मापून दोष निर्माण केले आणि ती ऑर्थोडॉन्टिस्ट, सामान्य दंतवैद्य व सामान्य नागरिक यांना दाखविली. दातांची मध्यरेषा ४ मिलिमीटर सरकली, तेव्हा ती ऑर्थोडॉन्टिस्टांना खटकली. इतर दोन्ही गटांना तेवढी सरकलेलीही लक्षात आली नाही. मात्र मधले दात २ मिलिमीटर तिरके झाले, तेव्हा ते तिन्ही गटांच्या नजरेत भरले. याचा बोध असा, की मध्यरेषा मिलिमीटरभर बाजूला आहे म्हणून रात्रीची झोप घालविण्याचे कारण नाही; जगाला ते दिसतच नाही. फोटो मोठा करून बोटांनी ताणून पाहणारे जगात आपण एकटेच असतो.

माझी एक चूक

आता एक प्रसंग, जो आजही मला अस्वस्थ करतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे दवाखाने बंद होते आणि आम्ही सर्वच जण फोनवरून सल्ला देत होतो. एका मातेने आपल्या नऊ वर्षांच्या मुलाचा फोटो पाठविला. मुलगा काही आठवड्यांपूर्वी घरातच पडला होता. दुखत काही नव्हते, पण समोरचा एक दात 'थोडा काळपट वाटतो' असे तिचे म्हणणे होते. फोटो संध्याकाळी दिव्याखाली काढलेला, मुलगा हसत असलेला. मला सर्वच दात पिवळसर दिसले. एक दात किंचित वेगळा वाटला, पण तो डाग असावा असे मी म्हटले आणि दवाखाना सुरू झाल्यावर दाखवा, घाई नाही, असे कळविले.

ऑगस्टमध्ये मूल प्रत्यक्ष आले. ओठ उचलून पाहिला, तर हिरडीवर पुळी होती. दातातील मज्जा मृत झाली होती. हसताना ओठ जेथवर उचलला जातो, त्याच्या वर ती पुळी होती. म्हणजे कोणत्याही हसऱ्या फोटोत ती दिसलीच नसती. नवव्या वर्षी या दाताचे मूळ पूर्ण वाढलेले नसते. मज्जा मेली, की मुळाची वाढ थांबते आणि त्याच्या भिंती पातळ, ठिसूळ राहतात. उपचार करून दात वाचविला, तो आजही तोंडात आहे. पण तो शेजारच्या दाताइतका मजबूत कधीच होणार नाही.

चूक कॅमेऱ्याची नव्हती. 'काळपट वाटतो' असे आईचे डोळे सांगत होते आणि मी आईच्या डोळ्यांपेक्षा फोटोवर अधिक विश्वास ठेवला. तिने मुलाला रोज, सकाळच्या उजेडात, सर्व बाजूंनी पाहिले होते. मी फक्त एक क्षण पाहिला होता. 'ओठ वर उचलून, खिडकीशी उभे करून आणखी दोन फोटो पाठवा' एवढे एक वाक्य मी लिहिले असते आणि पडण्याचा इतिहास गांभीर्याने घेतला असता, तर चार महिने वाया गेले नसते. त्या दिवसापासून नियम केला आहे : फोटो पाहून 'लवकर या' असे सांगता येते, 'काही नाही' असे सांगता येत नाही.

छायाचित्र उपयोगी पडते तेथे

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपण बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतो. चेहरा सतत हलत असतो. अशा वेळी हास्याची पातळी एका बाजूला किंचित कललेली असेल, तर ती नजरेतून निसटते. सरळ धरलेल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोवर दोन्ही बाहुल्यांमधून एक रेषा आखली, की तो कल लगेच उघड होतो. माझ्या नजरेतून सुटलेले असे काही दोष फोटोनेच मला दाखविले आहेत.

कवळी करताना तर जुना फोटो फार मोलाचा. सगळे दात गेलेल्या आजींचे मूळचे दात केवढे होते, हे कसे ठरवायचे? त्यांचा हसरा जुना फोटो मिळाला, तर प्रमाण काढता येते. फोटोत बाहुल्यांमधील अंतर २० मिलिमीटर आणि प्रत्यक्षात ६२ मिलिमीटर असेल, तर फोटोतील प्रत्येक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील ३.१ मिलिमीटर. फोटोत मधला दात २.८ मिलिमीटर भरला, तर खरा दात सुमारे ८.७ मिलिमीटर रुंद असणार. अर्थात फोटो मोजताना ०.२ मिलिमीटरची चूक झाली, तर प्रत्यक्षात ती ०.६ मिलिमीटर होते. म्हणून फोटो शक्य तितका मोठा करून घ्यावा आणि अंतिम निर्णय मेणातील दात तोंडात बसवून, घरच्यांना दाखवून मगच घ्यावा. अडचण एवढीच, की आपल्या आजींच्या पिढीचे फोटो पुन्हा मिटलेल्या ओठांचेच! अशा वेळी एखाद्या मुंजीच्या वा डोहाळजेवणाच्या घोळक्यात नकळत टिपलेले हसू शोधून काढावे लागते.

वयाचाही विचार हवा. ओठ सैल सोडले असता वरचा पटाशीचा दात किती दिसतो, याचे मोजमाप विग आणि ब्रुन्डो यांनी १९७८ साली केले. स्त्रियांमध्ये तो सरासरी ३.४० मिलिमीटर आणि पुरुषांमध्ये १.९१ मिलिमीटर दिसतो आणि वयाबरोबर कमी होत जातो, साठीनंतर जवळजवळ दिसेनासा होतो, असे त्यांना आढळले. पन्नाशीतील व्यक्तीने आपला पंचविशीतील फोटो पुढे करून 'असेच दात पाहिजेत' असा आग्रह धरला, तर मागणी दातांकडे असली तरी बदल ओठांत झालेला असतो.

काही व्यावहारिक सूचना

व्यवसायबंधूंसाठी : चेहऱ्याचा फोटो सुमारे दीड मीटर अंतरावरून घ्यावा, मोबाइल वापरायचा असल्यास जवळ न जाता मागे सरून दोन वा तीन पट झूम करावे. कॅमेरा दातांच्या पातळीत, मान सरळ. समोरून आणि दोन्ही बाजूंनी. ओठ सैल सोडून, बेताचे हसून आणि मोकळेपणाने हसून. शक्य असल्यास बोलता-हसतानाचे छोटे चित्रीकरणही करावे. सार्व्हर आणि ॲकरमन यांनी २००३ मध्ये हलत्या हास्याच्या अभ्यासाचा आग्रह धरला, तो याचसाठी. हसणे ही क्रिया आहे आणि फोटो हा तिचा केवळ एक क्षण. उपचारापूर्वीचा आणि नंतरचा फोटो अगदी सारख्या परिस्थितीत घेतला नसेल, तर त्यांची तुलना करू नये. आणि दात कायमचा कमी करण्याचा निर्णय केवळ फोटोवर कधीही घेऊ नये. साचा, मोजमाप, क्ष-किरण आणि तोंडातील तात्पुरती प्रतिकृती या पायऱ्या वगळू नयेत.

कुटुंबीयांसाठी : दात वाईट दिसतात असे फोटोवरून वाटले, तर तोच फोटो दुसऱ्याकडून, पाच फुटांवरून, दिवसाच्या उजेडात पुन्हा काढून पाहा. जाहिरातीतील 'आधी' आणि 'नंतर' यांची जोडी पाहताना दातांकडे नंतर पाहा. आधी हिरड्या, त्वचा आणि डोळ्यांचा पांढरा भाग पाहा. दातांबरोबर तेही उजळले असतील, तर श्रेय दिव्याचे. मुलाचा दात पडल्या-धडकल्यानंतर काळवंडला, तर फोटो पाठवून समाधान मानू नका, प्रत्यक्ष दाखवा.

पुन्हा त्या कन्येकडे वळतो. मी तिच्या वडिलांनाच मोबाइल घेऊन पाच फूट मागे उभे केले, पडदा सरकवून खिडकीचा उजेड आत घेतला आणि दुप्पट झूम करून फोटो काढायला लावला. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवले. बाजूचा एक दात किंचित फिरलेला होता, तो दोन्हींत दिसत होता; मोठ्या दातांची तक्रार मात्र फक्त पहिल्याच फोटोत होती. मी तिला हेही सांगितले, की तिची अस्वस्थता खोटी नाही. एवढे कळूनही दात खटकत असतील, तर स्वच्छता, रंग उजळविणे, फिरलेला दात सरळ करणे, असे इनॅमलला धक्का न लावणारे उपाय आधी करू; घासणे सर्वांत शेवटी.

तिने बराच वेळ दोन्ही फोटो निरखले. वडील काही बोलू लागले, तेव्हा तिनेच त्यांना थांबवले. "बाबा, ह्या दुसऱ्या फोटोत मी आईसारखी दिसतेय," ती म्हणाली. त्या दिवशी फक्त दातांची स्वच्छता केली. फिरलेल्या दाताचे लग्नानंतर पाहू, असे ठरले. लग्नाच्या निमंत्रणाला मान देऊन मी गेलो होतो; छायाचित्रकार योग्य अंतरावर उभा आहे ना, हे नकळत माझी नजर शोधत होती. नववधू हसत होती आणि तिचे आठही दात जसे उगवले होते, तसेच शाबूत होते.